तीन टॉवेल, दहा दिरहम

अण्णांच्या भावाने मी दुबईहून नेलेला टॉवेल उलगडला, त्याचा काठ अंगठ्याने चाचपला आणि तो म्हणाला, "ताई, हा आमच्याच शेडमधला हाय." मंगळवार होता. सोलापुरात सकाळी लाइट गेली होती, माग थांबले होते, म्हणून त्याचं बोलणं मला ऐकू आलं.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं असं मी पुष्कळदा ठरवलं आणि दर वेळी या मंगळवारपाशी येऊन अडले. आज तो आधीच सांगून टाकला आहे. आता मागे जाता येईल.

ते आमचे घरमालक होते असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे ते आमच्यासारखेच भाडेकरू. दुबईच्या देरा भागातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या नावावर होता आणि त्यातली एक खोली त्यांनी आम्हाला दिली होती. नव्याने आलेली कितीतरी कुटुंबं तेव्हा अशीच राहायची. एका खोलीत नवरा-बायको आणि मूल, स्वयंपाकघर सामाईक, फ्रिजचे कप्पे वाटून घेतलेले. माझा नवरा एका कंत्राटदाराकडे इंजिनियर होता आणि मी एका भारतीय शाळेच्या लायब्ररीत काम करायचे. अण्णा मला 'बाई' म्हणायचे. शाळेत जाते ती बाई, मग ती शिकवो न शिकवो, असा त्यांचा हिशेब.

ते सोलापूरच्या विणकरांच्या घरातले. भावाशी फोनवर तेलुगूत बोलायचे, आमच्याशी सोलापुरी मराठीत आणि उरलेल्या सगळ्या दुबईशी हिंदीत. एका कापडाच्या आयातदाराकडे ते माल तपासायला होते. गोदामात गठ्ठे उतरले की त्यातला एखादा फोडायचा, कापडावर छोटं भिंग ठेवून एका इंचात किती धागे बसतात ते मोजायचं, आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची बोटं सुट्टीच्या दिवशीही थांबत नसत. कुणी भेटलं की नमस्कार करता करता ते समोरच्याची बाही चिमटीत धरायचे. एकदा माझ्या मुलीला ताप होता म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर तिची छाती तपासत असताना अण्णा त्यांच्या कोटाचं टोक चोळत उभे. औषध लिहून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाब, ये आधा पॉलिस्टर है. गर्मी होता होगा." डॉक्टर कबूल झाले की होतं.

नवीन टॉवेल आणला की तो तीनदा धुतल्याशिवाय अण्णा त्याला टॉवेल म्हणत नसत. बाल्कनीत बादली, बादलीत टॉवेल, आणि शेजारी स्टुलावर बसलेले अण्णा. पहिल्या धुण्यात खळ जाते, दुसऱ्यात रंग जातो, तिसऱ्यात विकणाऱ्याची थाप जाते. मग उरतं ते आपलं. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की माझी मुलगी खेळातल्या भांडीकुंडीतल्या बादलीत बाहुलीचे कपडे तीनदा बुचकळायची. स्वतः मात्र ते पंचाच वापरायचे. टॉवेल म्हणजे विकायची वस्तू, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

पण अण्णांची खरी ख्याती होती ती त्यांच्या बाजाराबद्दल. शुक्रवारची अख्खी सकाळ त्यांना बाजाराला लागायची. मासळी मासळीबाजारातून, कोथिंबीर एका ठरावीक ओमानी बाईकडून, डाळी एका कच्छी दुकानातून, आणि फुलं घ्यायला अब्र्यात, म्हणजे खाडीतल्या होडीत, बसून पलीकडे बर दुबईच्या देवळाच्या बोळात. जिथे जातील तिथे बसणार, मालाची आणि घरच्यांची विचारपूस करणार, आणि मगच भाव. आणि भाव कसा, तर कित्येकदा उलटा.

हे मी स्वतः पाहिलं आहे. नायफच्या बाजारात एका मल्याळी दुकानदाराकडे त्यांनी एक चादर हातात घेतली, बराच वेळ चोळली आणि किंमत विचारली. त्याने बारा दिरहम सांगितले. अण्णा म्हणाले, चौदा घे. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्याने बोटं दाखवून पुन्हा बारा सांगितले. अण्णा चौदावर ठाम. ही बाराला पडूच शकत नाही, बाराला विकतोस म्हणजे कुठेतरी कुणाचं तरी पोट कापलं आहे, असं ते त्याला समजावू लागले. दुकानदाराचा चेहरा बदलला. त्याने बाहेर डोकावून पाहिलं, मला नीट निरखलं आणि हळूच विचारलं की आम्ही नगरपालिकेची माणसं आहोत का. नाही म्हटल्यावर त्याला राग आला. "बाबा, लेना है तो बारा में लो, नहीं तो यल्ला." अण्णांनी बारा दिले, चादर घेतली आणि वाटेत मला म्हणाले, "बगा, भला माणूस हाय. पण भित्रा."

असा माणूस, आणि आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर हायपरमार्केट उघडलं.

दुबईत तोवर मोठी दुकानं नव्हती असं नाही, पण हे सवलतीचं होतं. दर आठवड्याला दारात रंगीत कागद येऊन पडायचा: तेल इतक्याला, तांदळाची गोणी इतक्याला, दोनावर एक फुकट. माझा नवरा तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून पेनाने खुणा करायचा आणि प्रत्येक आकडा मोठ्याने रुपयांत सांगायचा. जायचं की नाही, यावर आमच्या घरात वाद झालाच नाही. आम्ही पुण्यात फ्लॅट बुक केलेला होता. शिवाय तिथे एसी होता, मुलीला ट्रॉलीत बसवता यायचं, आणि खरं कारण सांगायचं तर तिथे माझ्याशी कुणी बोलत नसे. मला दुकानदारांशी बोलण्याची भीती वाटते. भाव करताना माझा आवाज जातो. त्या लांबलचक ओळींमधून, जशी लायब्ररीत फिरते तशी, मी मुकाट फिरायचे आणि प्रसन्न होऊन बाहेर यायचे.

अण्णा आमच्याबरोबर यायचे, पण आत येत नसत. गाडीत बसून फेरी होते म्हणून यायचे. बाहेर, ट्रॉल्या लावतात तिथे एक बाक होता, त्यावर टॅक्सीवाल्यांच्या संगतीत शेंगा खात बसायचे. आम्ही पिशव्या घेऊन बाहेर आलो की काय आणलं, कितीला आणलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे ते एकच.

"बाई, कुणाशी बोललात?"

"कुणाशी नाही."

"मग बाजार कसला केला म्हणायचा?"

नवरा हसायचा. अण्णाही हसायचे. एकदा मात्र परत येताना गाडीत त्यांनी गंभीरपणे सांगितलं. त्यांचे वडील हातमागावर बसायचे तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. व्यापारी भाव पाडतो. विणकर आधी इंचातले दोन धागे कमी करतो. डोळ्यांना दिसत नाही. मग आणखी दोन. धागे कमी करायला जागा उरली नाही की माणसं कमी करतो. "आधी धागा जातो, मग माणूस," ते म्हणाले. "म्हणून म्या कापडात धागा मोजतो. धागा पुरा नसला तर समजायचं, भाव पडलाय." मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "अण्णा आजोबा, इट्स जस्ट अ टॉवेल." अण्णांनी ते मान्य केलं आणि तिला शेंगा दिल्या.

सोलापुरात अण्णांचे आठ यंत्रमाग होते. अण्णांचे म्हणजे त्यांच्या दुबईच्या कमाईतून एकेक करून घेतलेले, आणि धाकटा भाऊ चालवायचा ते. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं सगळं घर म्हणजे ती शेड, भाऊ आणि भावजय. शुक्रवारी दुपारी फोन झाला की ते आम्हाला बातमी सांगायचे: आठही चालू आहेत. नागपूरच्या एका व्यापाऱ्याचं काम मिळालं आहे, बारा महिने पुरेल.

त्या वर्षी मी मे महिन्यात सुट्टीवर जाणार होते. पुण्याहून एक दिवस सोलापूरला जाऊन अण्णांच्या घरी खजूर-बदामांचं पार्सल पोचवायचं कबूल केलं होतं. आखातातून येणाऱ्याने कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. दुसऱ्याचं पार्सल पोचवायचं असलं तरी स्वतःचं काहीतरी हवं. हायपरमध्ये त्या आठवड्यात टॉवेल होते. निळे, जाड, मऊ, दहा दिरहमला तीन. नवऱ्याने लगेच सव्वाशे रुपये म्हटलं. मी डझनभर घेतले. घरी सहा ठेवले आणि सहा बॅगेत भरले.

सोलापूरला, विणकराच्या घरी, मी टॉवेल घेऊन निघाले होते. हे मला बॅग भरताना सुचलं नाही, विमानात सुचलं नाही, पुण्यात आईने बॅग उघडून "दुबईचे टॉवेल किती छान असतात नाही" म्हटलं तेव्हाही सुचलं नाही. दिसेल ते छापील वाचणारी मी. त्या टॉवेलांच्या कोपऱ्यात चिकटवलेली चिठ्ठी मात्र मी वाचली नव्हती. चकचकीत पिशवीत असलेलं, सवलतीत मिळालेलं, ते दुबईचं, असं आम्ही सगळेच समजून चालायचो.

भाऊ अण्णांसारखाच दिसायचा, फक्त वाळलेला. त्याने टॉवेल उलगडला, काठ चाचपला, आणि ते वाक्य म्हणाला. मग मला काठ दाखवला. निळ्या काठात एकच पांढरा धागा होता. त्यांचे वडील हातमागावर कोणत्याही कापडाच्या डाव्या काठात एक धागा वेगळा घालायचे, आपलं काम ओळखू यावं म्हणून. मुलांनी यंत्रमागावरही तो चालू ठेवला. विकत घेणाऱ्याला तो दोष वाटतो किंवा दिसतच नाही.

तो आधी हसला. भावजय आतून पाणी घेऊन आली, तिलाही दाखवून हसला. मग त्याने हसू आवरतं घेतलं आणि मला सगळं सांगितलं. नागपूरचा व्यापारी वगैरे कुणी नव्हता. मुंबईच्या एका एक्सपोर्टवाल्याचं काम होतं. माल कुठे जातो हे त्याला माहीत नव्हतं. ते आज माझ्यामुळे कळलं. भाव असा होता की अण्णांना सांगितला असता तर त्यांनी माग बंद करायला लावले असते. पण हे काम सोडलं तर दुसरं नव्हतं आणि माग भंगारात गेले असते. आजूबाजूच्या शेडमधले जातच होते.

मी विचारलं, मग परवडतं कसं. त्याने शेडकडे बोट केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिथे कामगार कुणीच नव्हते. लाइट गेली म्हणून ते बाहेर गेले असतील असं मी समजले होते. आठ मागांवर आता तो आणि त्याची बायको असे दोघेच होते.

"धागा मात्र कमी केला न्हाई, ताई," तो म्हणाला. "अण्णाच्या हातात कधी पडला तर?"

निघताना त्याने मला अण्णांना यातलं काही न सांगण्याची विनंती केली. मी कबूल झाले.

दुबईला परतल्यावर अण्णांनी विचारलं आणि मी सांगितलं, आठही चालू आहेत. ते खोटं नव्हतं. त्यांनी भावजयीची तब्येत विचारली, शेडचं छप्पर विचारलं, आणि मग कामगार नीट वागतात का, असं विचारलं. मी म्हणाले, लाइट गेली होती, माझी भेट झाली नाही. लायब्ररीत मुलांना मी नेहमी सांगायचे की पुस्तकातलं एक पान गाळलं तरी ते वाचलं असं म्हणू नये.

उरलेले सहा टॉवेल मी कपाटात तळाशी ठेवले होते. साधारण महिन्याभराने, शाळेत पोहण्याचा तास होता म्हणून, मुलीने त्यातला एक काढून नेला आणि परत आल्यावर बाल्कनीतल्या दोरीवर वाळत टाकला. मी घरी आले तेव्हा अण्णा दोरीपाशी उभे होते. काठ त्यांच्या चिमटीत होता. त्यांनी खोलीतून भिंग आणलं, टॉवेल स्टुलावर पसरला आणि मोजायला लागले. एका ठिकाणी मोजलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नंतर मान वर न करता त्यांनी मला किंमत विचारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"दहाला तीन."

ते बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिले.

"धागा पुरा हाय, बाई," ते म्हणाले. "मग माणसं किती राहिली?"

मी सांगितलं. आता गाळण्यासारखं काही नव्हतं. भावाने केलेली विनंतीही सांगितली. अण्णांनी टॉवेल पुन्हा दोरीवर टाकला, चिमटे लावले, आणि विचारलं की उद्या शुक्रवार, तुम्ही हायपरला जाणार ना. मी हो म्हटलं. "म्या आत येतो," ते म्हणाले.

आत आल्यावर त्यांनी डावीकडे-उजवीकडे पाहिलं नाही. टॉवेलांच्या ढिगापर्यंत मी त्यांना नेलं. त्यांनी एकेक उचलून काठ बघितला, नीट घडी करून बाजूला ठेवला. तिथे गणवेशातली एक फिलिपिनो मुलगी होती. तिला त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं की हा माल संपला की पुन्हा मागवणार का. ती हसून म्हणाली, "सर, व्हाइल स्टॉक लास्ट." त्यांना ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं,

"किती खपले म्हंजे परत ऑर्डर देतात, बाई?"

मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. त्यांनी बारा घेतले.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष, दर शुक्रवारी, अण्णा आमच्याबरोबर आत येऊन टॉवेल घ्यायचे. सहा, कधी नऊ. बाकी सगळा बाजार पूर्वीसारखाच: मासळी तिथून, कोथिंबीर त्या बाईकडून. फक्त टॉवेल हायपरमधून. ते त्यांनी न्हाव्याला दिले, अब्रा चालवणाऱ्या बंगाल्याला दिले, मासळी साफ करून देणाऱ्या तिघांना दिले, इमारतीच्या वॉचमनला दोनदा दिले. आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांनी आरतीनंतर हात पुसायला नवे कोरे टॉवेल ठेवले. ते तीनदा धुतलेले नव्हते. मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना अण्णांनी मोठ्या दुकानांवर कितीदा तरी ऐकवलं होतं, त्यांनी सर्वांसमोर टोमणा मारला. "काय अण्णा, शेवटी हायपरने बाटवलं म्हणायचं." लोक हसले. अण्णा म्हणाले, "होय की. बाटलो," आणि त्यांच्याही हातात एक टॉवेल दिला.

भावाला त्यांनी कळू दिलं नाही. फोनवर तो नागपूरच्या व्यापाऱ्याचं सांगायचा आणि अण्णा ऐकून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, अण्णा, सरळ सांगून टाका की. ते म्हणाले, त्याने लपवलं ते माझ्या मानासाठी, आणि मी उघडं केलं तर त्याचा मान जाईल. असू दे.

नवऱ्याने एकदा माझ्यापाशी सरळ गणित मांडलं होतं. असली दुकानं हजारोंनी माल उचलतात, अण्णांच्या सहा-नऊने काय होणार. मला ते पटत होतं. अण्णांनाही ते पटलं असतं. हिशेब त्यांना आमच्याहून जास्त कळायचा. पण त्यांना ते कुणी म्हणालं नाही.

मग एका शुक्रवारी ढीग तिथेच होता, रंग तोच होता, आणि काठात धागा नव्हता. अण्णांनी वरचे पाहिले, मधले पाहिले, मग खालपर्यंत सगळा ढीग उतरवला. सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला. मी त्याला काहीतरी सांगितलं. चिठ्ठीवर आता दुसऱ्या देशाचं नाव होतं. या वेळी मी ती वाचली. अण्णांनी त्यातला एक टॉवेल चोळून पाहिला आणि म्हणाले की हाही वाईट नाही, कुणीतरी नीट विणलेला आहे. मग त्यांनी सगळे टॉवेल होते तसे घडी करून रचले. त्याला अर्धा तास लागला. मीही मदत केली. त्यानंतर ते पुन्हा बाहेर बाकावर बसू लागले, पण "कुणाशी बोललात" हे त्यांनी मला परत विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची कंपनी बंद झाली. लहान दुकानदार तिच्याकडून माल घ्यायचे, ते कमी झाले होते. व्हिसा रद्द झाला आणि अण्णा सोलापूरला गेले. जाताना फ्लॅट आमच्या नावावर करून दिला. विमानतळावर माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून बघितलं, आणि चांगली आहे म्हणाले. तिकडे ते दहा महिने होते. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन एक माग चालवायचे, असं भावाने त्यांच्या मरणाची बातमी सांगताना फोनवर सांगितलं. टॉवेलांचा विषय दोघांमध्ये शेवटपर्यंत निघाला नाही.

मी अजून त्याच फ्लॅटमध्ये राहते. महिन्याचं सामान हायपरमधूनच आणते. ते स्वस्त पडतं आणि मला तिथे बरं वाटतं. सोलापूरच्या शेडमध्ये आठांपैकी दोन माग चालू आहेत. एक भाऊ चालवतो, एक त्याची बायको.